अपडेट चालू आहे, बंद करू नका! (गोष्ट सी. डी. देशमुखांची)

सी. डी. म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आमच्या सरांना कॉम्पॅक्ट डिस्क आठवते. २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला तेव्हा कित्येकांच्या घरी तो नेटवरून नाही, सीडीवरूनच पोचला होता म्हणे. आमच्या लॅपटॉपला तर सीडी घालायला जागाच नाही. मला मात्र आता सी. डी. म्हटलं की एक माणूस आठवतो. आमच्याच भागातला, महाडजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण, या प्रश्नाचं एका ओळीचं उत्तर म्हणून मी त्यांचं नाव शाळेत पाठ केलं होतं. त्यापलीकडे काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ते माहीत झालं एका फसलेल्या अपडेटमुळे.

झालं असं की, २०२५ च्या गणपतीत मी पोलादपूरला घरी गेले होते. आमचं किराणा दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १० वाला. बाबांची उधारीची सगळी खाती त्यात. कोणाकडून किती माल आला, कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, सगळं. त्या मशीनवर अपडेटची सूचना महिनोन्महिने येत होती आणि बाबा ती दर वेळी पुढे ढकलून गिऱ्हाइकाकडे वळत होते. पोरगी इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर हे काम साहजिकच माझ्याकडे आलं. मीही ऐटीत अपडेट सुरू केलं. डाउनलोड झालं, मशीन रीस्टार्ट झालं, पडद्यावर टक्के चढायला लागले, खाली कॉम्प्युटर बंद करू नका अशी ओळ आली. आणि अडतीस टक्क्यांवर लाइट गेली!

पोलादपूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. आमच्या इन्व्हर्टरवर दुकानातले दोन दिवे आणि वजनकाटा चालतो, कॉम्प्युटर नाही. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं, पण नाही आलं. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. सणाच्या तोंडावरची सगळी उधारी त्या डब्यात होती आणि बॅकअप कुणीच घेतलेला नव्हता.

आजोबा शेजारी खुर्चीत बसले होते. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं की, तू नेमकं करत काय होतीस? मी म्हटलं, दुकान चालू ठेवून आतली व्यवस्था बदलत होते. त्यावर ते हसले आणि म्हणाले की, हे तर या दुकानात आधीही झालंय, नये पैसे आले तेव्हा. आणि तो कायदा झाला तेव्हा अर्थमंत्री कोण होतं माहीत आहे का? आपल्या नात्याचे देशमुख!

लाइट आल्यावर काय झालं ते शेवटी सांगते. दीड तास अंधारात बसून मी आजोबांचं ऐकत होते, नंतर सुट्टी संपेपर्यंत मिळेल ते वाचत होते, त्याची ही गोष्ट.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, ऐन संक्रांतीच्या दिवसांतला. महाडहून रायगडाकडे निघालं की पाचाडच्या अलीकडे नाते लागतं. आपण शाळेच्या सहलीत एस.टी.च्या खिडकीतून बघतो न बघतो तोच गाव मागे जातं. वडील रोह्याला वकिली करायचे, त्यामुळे सुरुवातीचं शिक्षण रोह्यात आणि मग मुंबईत. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट ऐका. हा मोठा अर्थतज्ज्ञ केंब्रिजला शिकला काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र! १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचं बक्षीसही पटकावलं. १९१८ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेला बसले, तर तिथेही पहिला नंबर. ब्रँच चुकली म्हणून रात्ररात्र रडणाऱ्या आमच्या हॉस्टेलवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

नोकरी सुरू झाली ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. तिथे त्यांनी रायपूरकडे सेटलमेंट ऑफिसर म्हणून काही वर्षं काढली. सेटलमेंट म्हणजे जमिनीची पाहणी. शेत कुणाचं, जमीन कसली, पीक काय, त्यावर सारा किती बसवायचा, हे गावोगाव फिरून नोंदवायचं. दिसायला कंटाळवाणं काम. पण मला वाटतं, पुढच्या सगळ्याचा पाया इथे आहे.

कारण बघा, आपण अपडेट वर क्लिक करतो तेव्हा पहिल्यांदा काय होतं? डाउनलोड नाही, आधी तपासणी होते. तुमचं मशीन स्वतःकडे काय काय आहे याची यादी करतं. विंडोजची कुठली आवृत्ती आहे, आधीची कुठली अपडेट्स बसली आहेत, प्रोसेसर कुठला, ड्रायव्हर कुठले. ही माहिती कंपनीच्या सर्व्हरशी ताडून बघितली जाते आणि मग जे कमी आहे तेवढंच मागवलं जातं. आधी काय आहे हे माहीत नसताना बदल करायला गेलं तर मशीन बसतं. प्रांतातल्या शेताशेतांची नोंद केलेला माणूस पुढे देशाच्या पैशाची व्यवस्था बदलायला बसला, तेव्हा ही सवय त्याच्या अंगात मुरलेली असणार.

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा लहान होती, १ एप्रिल १९३५ ला सुरू झालेली. आधी संपर्क अधिकारी, मग संचालक मंडळाचे सचिव, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर. आधीचे दोन्ही गव्हर्नर ब्रिटिश. त्यामुळे राजा सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या भारतीय गव्हर्नरची पहिली सही आली ती नात्याच्या या माणसाची.

नोटेवर सही कशासाठी असते? हा कागद खऱ्या ठिकाणाहून आलाय याची ती खूण. अपडेटलाही अशीच सही असते, डिजिटल. डाउनलोड झालेली फाइल मशीन डोळे मिटून बसवत नाही. त्या फाइलवरून गणित करून एक आकडा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. फाइलमध्ये एक बिट जरी इकडचं तिकडं झालं तरी तो आकडा पार बदलतो. फाइलबरोबर आलेली सही कंपनीचीच आहे ना आणि तिच्यातला आकडा जुळतो ना, हे मशीन तपासतं. नाही जुळलं तर फाइल टाकून देतं. वाटेत कुणी भेसळ केली असेल तर ती इथेच पकडली जाते. म्हणूनच अनोळखी वेबसाइटवरून अपडेट उतरवू नये असं आपल्याला सांगतात. ती खोटी सही केलेली नोट असू शकते.

गव्हर्नर म्हणून त्यांची सहा वर्षं म्हणजे एकामागून एक कसोट्या. महायुद्ध चालू, महागाई भडकलेली. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला जी परिषद झाली, जिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक निघाली, तिला भारताच्या शिष्टमंडळात ते होते. जानेवारी १९४६ मध्ये सरकारनं अध्यादेश काढून ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. ज्यांच्याकडे होत्या त्यांना त्या कुठून आल्या हे लिहून देऊन ठरलेल्या मुदतीत बदलून घ्याव्या लागल्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण बदल असाही होतो. एकदम, एका फटक्यात. पुढे नाणी बदलली गेली ती मात्र अगदी वेगळ्या पद्धतीनं.

मग फाळणी. हार्ड डिस्कचं पार्टिशन आम्ही लॅबमध्ये करतो, चुकलं तर फॉर्मॅट मारतो. देशाचं पार्टिशन करताना फॉर्मॅट मारता येत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती आणि माणसं तर रोज व्यवहार करत होती. तोडगा असा निघाला की काही काळ दोन्ही देशांचं चलन रिझर्व्ह बँकेनंच सांभाळायचं. १९४८ च्या एप्रिलपासून भारताच्याच नोटांवर पाकिस्तान सरकार असा शिक्का छापून त्या तिकडे दिल्या गेल्या. ३० जून १९४८ ला ही व्यवस्था संपली आणि दुसऱ्या दिवशी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. माणसामाणसांत जे झालं ते भयंकरच होतं. पण त्यातही कालचा पैसा आज चालतोय ही एक गोष्ट तुटू दिली नाही, तेव्हा या बँकेच्या प्रमुखपदी देशमुख होते.

१ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. तोवर ती भागधारकांची होती. त्याच वर्षी जूनअखेर ते गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले आणि १९५० मध्ये पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले आपल्याच कुलाबा मतदारसंघातून. (आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता.) १९५३ मध्ये त्यांचा दुर्गाबाईंशी विवाह झाला. दुर्गाबाई स्वतः घटना समितीच्या सदस्य होत्या. पहिल्या पत्नीचं आधी निधन झालं होतं. या साध्या नोंदणी विवाहाला साक्षीदार म्हणून सही केली पंडित नेहरूंनी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक खास गोष्ट! १९४५ पासून जवळजवळ वीस वर्षं देशमुख कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. प्रा. महालनोबिस यांची ही संस्था. भारतातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर, एचईसी-२एम, इंग्लंडहून आणून १९५६ च्या सुमारास बसवला तो इथेच. त्याला मेमरी होती ती फिरत्या ढोलासारखी, आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्हतीच. प्रोग्रॅम थेट यंत्राच्या भाषेत लिहायचा, दुसरं काम आलं की तो काढून दुसरा घालायचा. म्हणजे त्या मशीनला अपडेटचा प्रश्नच नव्हता. एक काम संपवून ते थांबू शकत होतं. आपले कॉम्प्युटर अडचणीत येतात ते याच कारणानं की त्यांना थांबता येत नाही. आपण गाणी ऐकतोय, असाइनमेंट टाइप करतोय, आणि त्याच वेळी सिस्टिमच्या ज्या फाइल्स बदलायच्या आहेत त्या वापरात आहेत.

अर्थमंत्री देशमुखांपुढचा देश असाच चालू मशीनसारखा होता. त्यांनी केलेले दोन बदल पाहा.

१ जुलै १९५५ ला इंपीरिअल बँक ऑफ इंडियाची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. इमारती, काउंटर, कर्मचारी, खाती सगळं होतं तिथेच. पण बँकेचं काम बदललं. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या, बँक लहान गावांपर्यंत न्यायची, असं कायद्यानं तिला बंधन घातलं.

दुसरा बदल आयुर्विम्याचा. १९ जानेवारी १९५६ ला अध्यादेश निघाला आणि देशमुखांनी आकाशवाणीवरून तो जाहीर केला. भारतीय, परदेशी आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारनं ताब्यात घेतला. तयारी इतकी गुप्त की विमा कंपन्यांना पत्ता नव्हता. पुढे संसदेनं कायदा केला आणि १ सप्टेंबर १९५६ ला एल.आय.सी. जन्माला आली. पॉलिसी घेतलेल्या माणसाच्या हातातली पॉलिसी मात्र वाया गेली नाही.

अपडेटचं पहिलं अर्धं काम असंच गुपचूप होतं. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडतं, २००३ पासूनची ही रीत आहे. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्र. म्हणूनच बुधवारी व्हायवा असली की लॅपटॉप नेमका सकाळी टक्के मोजत बसतो! फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरते. नेट मोकळं असेल तेव्हा भरभर, तुम्ही काही बघत असाल तेव्हा हळू. मध्येच नेट गेलं तरी आलेले तुकडे फुकट जात नाहीत, उरलेले नंतर येतात. एकाच घरात दोन मशीन असतील तर एकानं आणलेले तुकडे दुसऱ्याला देता येतात. सगळे तुकडे आले, सही तपासली, की नव्या फाइल्स एका बाजूला मांडून ठेवल्या जातात. जुन्या फाइल्सना अजून हात लागलेला नसतो. वापरात असलेली फाइल बदलता येत नाही म्हणून मग रीस्टार्ट मागितला जातो. तेव्हा बाकीचे प्रोग्रॅम बंद असतात, तेवढ्या वेळात जुन्याच्या जागी नवं बसतं.

आता आजोबांची गोष्ट, नये पैसे. आधी एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. १९५५ मध्ये, देशमुख अर्थमंत्री असताना, दशमान नाण्यांचा कायदा संसदेत मंजूर झाला. पण लागू कधी झाला? १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे मधे दीड वर्ष तयारीला. रुपया होता तेवढाच राहिला, फक्त त्याचे १०० नये पैसे झाले. आणि महत्त्वाचं म्हणजे जुनी नाणी त्या दिवशी रद्द झाली नाहीत. पुढे काही वर्षं दोन्ही नाणी गल्ल्यात एकत्र नांदली. चार आणे म्हणजे बरोबर २५, आठ आणे म्हणजे ५०, तिथे भांडण नाही. पण एक आणा म्हणजे सव्वासहा. मग तक्ता निघाला. एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ नये पैसे.

आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि गल्ल्यावर बसायचे. असा तक्ता पणजोबांनी गल्ल्याशेजारी भिंतीला चिकटवला होता. गिऱ्हाईक एक आणा देई आणि आपले पाव पैसे कुठे गेले म्हणून वाद घाली. एकदम चार आण्यांचा माल घेतला तर कुणाचंच नुकसान नाही, हे लोकांना महिन्याभरात कळलं आणि लोक चार-चार आण्यांची खरेदी करू लागले. दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही. १ जून १९६४ ला नया हा शब्दही गेला, नुसता पैसा उरला. कॉम्प्युटरमध्ये जुने प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालावेत म्हणून जी सोय ठेवतात, ती हीच. आपल्या भाषेत तर ती अजून चालू आहे. आणा जाऊन इतकी वर्षं झाली तरी आजोबांना एखादी गोष्ट पटली की ती सोळा आणे खरी असते.

पण हे नवं नाणं लोकांच्या हातात पडलं तेव्हा देशमुख अर्थमंत्री नव्हते. ते का नव्हते, हाच मला या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग वाटतो.

राज्यपुनर्रचनेचा वाद पेटला होता. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाले, माणसं मेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकूण शंभराहून जास्त माणसांनी प्राण दिले. तारखा पाहा. १६ ला ही घोषणा, १९ ला आयुर्विम्याचा अध्यादेश. आयुष्यातलं एक सर्वांत मोठं काम पार पाडण्याच्या त्याच आठवड्यात त्यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी राजीनामा देऊ केला आणि जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांचा आक्षेप फक्त मुंबई महाराष्ट्राला मिळाली नाही एवढाच नव्हता. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे त्यांना मान्य नव्हतं. आणि हे कुणाविरुद्ध? तीन वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही केली होती, त्यांच्याविरुद्ध.

इथे मला एक प्रश्न पडला. विम्याचा निर्णयही तर गुप्तच होता, मग फरक काय? खूप विचार केल्यावर मला वाटतं ते असं. डाउनलोड गुपचूप झालं तर चालतं, पण बसवण्याआधी मशीन विचारतं की, हे बदल होऊ द्यायचे का? हो किंवा नाही. ज्याचा अधिकार आहे त्यानं हो म्हणायचं असतं. विम्याच्या बाबतीत तो प्रश्न संसदेपुढे गेला आणि पॉलिसीवाल्याचं काही बुडलं नाही. मुंबईच्या बाबतीत ज्यांचं घर होतं त्यांनाच विचारलं गेलं नाही. लोकांनी ते अपडेट शेवटपर्यंत स्वीकारलं नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये गुजरातसह मोठं द्वैभाषिक राज्य झालं, तेही टिकलं नाही. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. माझं हे उत्तर कुणाला पटणार नाही कदाचित. मेसमध्ये भेटा, वाद घालू.

राजीनाम्यानंतर माणूस घरी बसला असेल असं वाटतं. छे! ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीचं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं करण्यात ते पुढे होते. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. या सगळ्यात संस्कृत सुटलं नाही. मेघदूताचं मराठी भाषांतर त्यांनी केलं, स्वतः संस्कृतात कविता लिहिल्या. १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला देशमुख गेले. त्या दिवशी गांधी जयंती असल्यामुळे त्यांची पुण्यतिथी कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता आमच्या दुकानाचं काय झालं? दीड तासानं लाइट आली. मी बटण दाबलं. पडद्यावर आलं की बदल पूर्ण करता आले नाहीत, ते मागे घेत आहोत. बाबा गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभे राहिले. वीस मिनिटं टक्के उलट्या दिशेनं गेल्यासारखे वाटले आणि मग तोच जुना डेस्कटॉप, तीच गणपतीच्या फोटोची स्क्रीन. खाती जशीच्या तशी! कारण सिस्टिम बदलताना केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवते आणि जुन्या फाइल्स लगेच फेकत नाही. अर्धवट राहिलं तर ती नोंद वाचून मागे फिरते. पण हे दर वेळी जमतंच असं नाही. लिहिता लिहिता लाइट गेली तर डिस्कच बिघडू शकते. आम्ही वाचलो एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी आधी सगळी खाती पेन ड्राइव्हवर घेतली, इन्व्हर्टरवरचा एक दिवा काढून तिथे कॉम्प्युटर लावला आणि मग अपडेट पुन्हा सुरू केलं. मुख्य म्हणजे आधी बाबांना विचारलं, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा करू का म्हणून. पहिल्या वेळी मी विचारलंच नव्हतं. बाबा हो म्हणाले. पाऊण तासात झालं.

पुढे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मुदत संपली. आमच्या डब्यात विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० चिप नाही. दिवाळीत घरी गेल्यावर बाबांनी नवं मशीन घेतलं. मी जुनं लगेच भंगारात द्यायला निघाले होते. आजोबांनी अडवलं. त्यांनी कपाटातून एक डबी काढली, तिच्यात भोकाचा पैसा होता. नवं नाणं आलं तरी जुनं काही दिवस गल्ल्यात असू दे, म्हणाले. त्यामुळे सध्या दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारी आहेत. जुन्याचं नेट काढून टाकलंय. बाबा नव्यावर खाती लिहितात आणि रात्री जुन्यावर ताडून बघतात.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी अपडेट येईल तेव्हा चार्जर लावा, बॅकअप घ्या आणि रायगडाला जाल तेव्हा नात्याला गाडीचा वेग जरा कमी करा.